कुंपणापलीकडचा धूर

जानेवारी सरत आला की उत्तर गोव्यातल्या पेडण्याहून कासारवर्णे, हसापूर, चांदेलकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दुपारी चारनंतर धुराचे पट्टे दिसू लागतात. उतरणीवरच्या काजूच्या भाटातून निळसर पांढरी रेघ उठते, माडांच्या शेंड्यांपर्यंत चढते आणि तिथेच अडून आडवी पसरते. थोड्या वेळाने पलीकडच्या भाटातून दुसरी रेघ. खाली वाड्यावरच्या घरांत दोरीवरचे कपडे घाईने आत नेले जातात, खिडक्या लावल्या जातात, दम्याचं माणूस असेल तर त्याला आतल्या खोलीत हलवलं जातं. डिचोली तालुक्यात मये, मेणकुरे, लाटंबार्से, साळ या बाजूला गेलं तरी संध्याकाळ फारशी वेगळी नसते. दिवस बुडेपर्यंत डोंगर आणि घरं यांच्यामध्ये धुराचा थर बसतो, आणि तो कुणी लावला हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं.

शेजाऱ्यांच्या भांडणांत बांध, पायवाट, विहिरीचं पाणी आणि कुंपणावरून झुकलेली फांदी यांचा मान जुना. त्यांची कागदपत्रं असतात, मोजणी होते, मामलेदारापुढे तारखा पडतात. धुराला सर्व्हे नंबर नसतो. तो तासा-दोन तासांत विरतो, पुरावा मागे ठेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. त्यामुळे बहुतेक लोक एक तर वर्षानुवर्षं सोसतात, नाहीतर एका संध्याकाळी कडाडून भांडतात आणि बोलणंच तोडतात. मधला रस्ता आहे. तो दिसायला मात्र आधी आग लावणाऱ्याच्या बाजूला उभं राहून पाहावं लागतं.

झाडाखालची जमीन साफ हवी

गोव्यात काजूखाली सुमारे ५५ हजार हेक्टर जमीन आहे. राज्याचं एकूण क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळपास सातवा हिस्सा काजूचा. पेडणे, डिचोली आणि सत्तरीच्या उतारांवर तर काजू नसलेला डोंगर शोधावा लागतो. या पिकाची एक खोड आहे. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. तो पुरता पिकून आपसूक खाली पडला की वेचायचा, बी पिळून वेगळी करायची, बोंडू तुडवून रस काढायचा आणि तो आंबवून भाटीवर चढवायचा. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या फेणीची सुरुवात झाडाखालच्या जमिनीवर होते.

ती जमीन पाचोळ्याने झाकलेली असेल तर वेचणी होत नाही. बोंडू पानांत लपतो, कुजतो, बी हाती लागत नाही. शिवाय सुक्या पानांत फुरसं दडलेलं असण्याची भीती असते, आणि वेचणीला बहुधा बायका आणि म्हातारी माणसं वाकलेली असतात. म्हणून हंगामाआधी पावसाळ्यात माजलेलं रान बेणायचं, वाळलेलं करड कापायचं, पानं आणि डहाळ्या ओढून ढीग करायचे आणि त्यांना काडी लावायची, हा क्रम ठरून गेला आहे. ढीग उचलून दुसरीकडे न्यायचा तर मजूर हवेत, डोंगरावर गाडी चढायला हवी. मजुरी परवडत नाही आणि माणूसही मिळत नाही, हे गाऱ्हाणं दोन्ही तालुक्यांत सारखं ऐकू येतं.

घराभोवतीच्या परसातली आग वेगळ्या कारणाने लागते. माडाची चुडतं, आंब्या-फणसाची पानं, शेवग्याच्या फांद्या रोज गळतात. अंगण झाडलं की केराचा ढीग होतो आणि तो कुंपणाच्या कडेला, म्हणजे आपल्या घरापासून लांब आणि शेजाऱ्याच्या जवळ, पेटवला जातो. मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनारपट्टीत आणि आता मोपाच्या विमानतळाभोवतीच्या गावांत याला आणखी एक पदर आला आहे. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणं सुरू झाली आणि पेडण्यातल्या जमिनींना परगावचं गिऱ्हाईक वाढलं. वर्षातले बरेच महिने बंद असणाऱ्या बंगल्यांची आवारं राखणदार झाडतो आणि ढीग पेटवून टाकतो. मालक दूरच्या शहरात. त्याच्या अंगणातल्या धुराशी त्याची कधी गाठ पडत नाही. उलट बाजूनेही तक्रार असते. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला शेजारच्या भाटातली पिढ्यान् पिढ्यांची आग असह्य होते, आणि भाटकाराला वाटतं की काल आलेला माणूस आपल्याला शेती शिकवतो आहे.

पूर्वी पाला कुठे जायचा

पाचोळा पूर्वीही पडत होता आणि आगीही लागत होत्या. तरी बराचसा पाला आगीपर्यंत पोचतच नसे, कारण त्याला घरात काम होतं.

प्रत्येक घराच्या न्हाणीत तांब्याचं भाण असायचं. अंघोळीच्या पाण्याला चुडतं, पिढे, करट्या, सोडणं, काजूच्या काटक्या आणि मूठ-मूठ सुका पाला लागे. जळण तिथेही जळायचं आणि धूरही व्हायचा, पण दिवसाला थोडंथोडं. गोठ्यात गुरांखाली सुका पाला पसरत. शेण-मुताने भिजून तो खतखड्ड्यात जाई आणि पुढच्या पावसाआधी शेतात. भाताच्या तरव्यासाठी जमीन भाजताना शेण, कवळं, पाला आणि वर माती असे थर रचत. कोकणभर चालत आलेल्या या भाजावळीने तणाचं बी मरतं आणि रोपं जोमाने उठतात, हे खरं आहे. तिच्यात झाडं-झुडपं फार तुटतात हेही खरं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ म्हणूनच भाजावळीशिवायच्या रोपवाटिकेचा पुरस्कार करत आलं आहे. आणि कुळागरात तर पाला हे धनच. डिचोलीकडच्या ओहोळाकाठच्या कुळागरांत सुपारीच्या बुंध्याशी पाल्याचा थर घालण्याची रीत जुनी आहे. ओल टिकते, तण दबतं, खत होतं.

मग घराघरात गॅस आला, न्हाणीत गीझर बसला. गुरं कमी झाली, गोठ्याची जागा मोटारीने घेतली. खाणी आणि नोकऱ्यांच्या काळात भातशेती कितीतरी ठिकाणी पडीक राहिली, तरवाच उरला नाही. पाला तेवढाच पडत राहिला आणि त्याची गिऱ्हाइकं एकेक करून गेली. जे रोज चिमूटभर जळत होतं किंवा कुजत होतं, ते आता ढिगाने एकदम जळतं. दुसऱ्या बाजूला घरं भाटाला भिडली. काल जिथे आग आणि घर यांत दोन शेतांचं अंतर होतं, तिथे आज एक तारेचं कुंपण आहे. धुराच्या भांडणाचं मूळ या दोन बदलांत आहे.

आगीला बरी वेळ, छातीला वाईट

आग लावणारे बहुतेक लोक बेजबाबदार नसतात. ते वारा पाहतात. दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात तेव्हा ठिणगी उडण्याचा धोका असतो, म्हणून ते वारा पडण्याची वाट पाहतात. ऊन उतरलं, पान हलेनासं झालं की काडी लावतात. आग ढिगापुरती राहते. ही खबरदारी योग्यच आहे, पण नेमकी हीच वेळ धुरासाठी सगळ्यांत वाईट.

थंडीच्या दिवसांत सूर्य कलला की जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतची हवा थंड होते. वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. एरवी गरम धूर वर चढून विखुरतो. या स्थितीत वरचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो. डोंगरांमधल्या दरीत, डिचोलीतल्या कितीतरी गावांसारख्या बशीच्या आकाराच्या जागी, हा परिणाम अधिक होतो. रात्री मतलई वारे सुटले की डोंगरावरची थंड हवा उताराने खाली सरकते आणि धुमसणाऱ्या ढिगाचा धूर सोबत घेऊन वाड्यावर येते. संध्याकाळी आग विझली असं समजून माणूस घरी जातो. ढीग मात्र आतून पहाटेपर्यंत जळत असतो.

धुमसणं हाच या आगीचा खरा दोष आहे. सुकी काटकी भरपूर हवेत धडधडून पेटली तर धूर तुलनेने कमी होतो. दडपून रचलेल्या, दवाने ओलसर झालेल्या पानांना हवा पुरत नाही. अर्धवट जळण्यात कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण भरपूर निघतात. २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून फुप्फुसात खोल उतरतात. भारताच्या २००९ च्या मानकाप्रमाणे हवेत या कणांचं २४ तासांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ वर आणली. लहान मुलं, गरोदर बायका, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना थोड्या वेळाचा दाट धूरही बाधतो. डोळे चुरचुरणं, खोकला, छातीत घरघर ही लक्षणं नाजूकपणाची नसून शरीराने दिलेली सूचना असते.

सरकारी आकड्यांत हा त्रास उमटत नाही. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हवेची मोजणी करतं. डिचोली, आमोणे आणि तुये ही त्यातली या भागातली ठिकाणं. या कार्यक्रमात साधारणपणे आठवड्यातून दोनदा, २४ तासांची सरासरी घेतली जाते. खाणीची धूळ आणि कारखान्याचा धूर जोखायला ती उपयोगी पडते. एका वाड्यावर सहा ते आठ या वेळात साचलेला पाल्याचा धूर त्या सरासरीत विरघळून जातो. म्हणून ‘इथली हवा तर चांगली आहे’ हे उत्तर आकड्यांच्या आधाराने देता येतं आणि तरीही घरातलं मूल खोकत राहतं.

ढिगात काय काय असतं

नुसत्या पाल्याचा ढीग आता क्वचित दिसतो. वरून पानं असतात. काठीने उसकलं तर खाली दुधाची पिशवी, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलची ताटली, फाटकी ताडपत्री, जुनी चप्पल निघते. पीव्हीसीचा तुकडा जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि अर्धवट जळण्यात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. ही द्रव्यं राखेत, मातीत टिकतात. तीच राख उद्या अळवाच्या वाफ्यात जाते.

काजूच्या प्रदेशात आणखी एक धोका आहे. बीच्या टरफलातलं तेल कातडीला पोळतं, हे इथल्या प्रत्येक मुलाला अनुभवाने ठाऊक असतं. हे तेल जळल्यावर त्याचा धूर डोळ्यांना आणि श्वासनळीला तसाच झोंबतो. उघड्यावर बिया भाजताना किंवा टरफलांचा ढीग पेटवताना वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याला हा त्रास साध्या पाल्याच्या धुरापेक्षा कितीतरी जास्त होतो.

राखेने झाड सुधारतं, या समजात तथ्याचा अंश आहे. राखेत पालाश आणि चुना असतो. पण पानातलं नत्र आगीत हवेत जातं, सेंद्रिय भाग संपतो, आणि जांभ्याच्या उतारावर पहिल्या पावसात ती राखही वाहून जाते. उघडी पडलेली माती तिच्यामागोमाग जाते.

सत्तरीतला मार्च

परसातल्या आगीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना मार्च २०२३ आठवायला हवा. ५ मार्चपासून पुढचे काही दिवस गोव्यातल्या जंगलांत सत्तरहून अधिक ठिकाणी आगी लागल्या. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत, २०८ चौरस किलोमीटरच्या म्हादई अभयारण्यात, डोंगर रात्रंदिवस जळताना दिसत होते. उभ्या चढांवर बंब जाऊ शकत नव्हता. वनरक्षक आणि गावकरी हिरव्या डहाळ्यांनी आग बडवत होते. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं टांगत्या बादल्यांतून पाणी ओतत होती. या आगी माणसांमुळे लागल्या असाव्यात असा संशय तेव्हा सरकारनेही व्यक्त केला, आणि काजूच्या बागा साफ करताना लावलेल्या आगीचा मुद्दा ठळकपणे चर्चेत आला. प्रत्येक ठिणगी कुठून आली हे सांगता येत नाही. कोरडं हवामान, गरम वारे आणि जमिनीवर साचलेला पाला यांनी तिचा वणवा केला, एवढं उघड आहे.

पेडण्याच्या सड्यांवर करड वाळून उभं असतं. तिथे आग सुटली तर काजूच्या कलमांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मोहर आणि कोवळी फळं झाडावर असताना बाग होरपळली की त्या वर्षाचं उत्पन्न गेलं, आणि कलम पुन्हा फळायला वर्षं जातात. शेजाऱ्याच्या धुराची तक्रार करणारा माणूस पुष्कळदा भाटकाराच्याच भल्याचं बोलत असतो.

कायदा कुंपणापर्यंत कसा येतो

कायद्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. एकाला वाटतं, माझ्या जागेत मी काहीही जाळीन. दुसऱ्याला वाटतं, पोलिसांना फोन केला की शेजाऱ्याला लगेच दंड होईल.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावर बागेतला कचरा वेगळा, आपल्याच आवारात साठवण्याची आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची वासलात लावण्याची जबाबदारी टाकली. जाळण्यावरची त्यांतली स्पष्ट मनाई मात्र रस्ता, आवाराबाहेरची मोकळी सार्वजनिक जागा, गटार आणि पाण्याच्या जागा यांच्यापुरती होती. ही फट त्याच वर्षी बरीचशी बुजली. बंगळूरच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुरू केलेलं कचऱ्याचं प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे आलं, आणि २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने लवादाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी केली. साध्या जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्यासाठी २५,००० रुपये अशी भरपाई ठरवली. हवा प्रदूषण प्रतिबंधाच्या १९८१ च्या कायद्यातही, प्रदूषण मंडळाशी सल्लामसलत करून एखाद्या भागात इंधनाखेरीज कोणताही पदार्थ जाळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे.

फौजदारी बाजू १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. हवा आरोग्याला अपायकारक करण्याबद्दल कलम २८० खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आगीबाबत निष्काळजीपणा करून कुणाच्या जिवाला धोका आणला तर कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यापेक्षा कामाची तरतूद आहे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ची. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी त्याखाली देऊ शकतो. पेडण्यात आणि डिचोलीत उपजिल्हाधिकारी हेच काम पाहतात. जुन्या संहितेतल्या याच तरतुदीखाली सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस गोविंद सिंग विरुद्ध शांती सरूप या खटल्यात एका बेकरीवाल्याची भट्टी आणि धुराडं हटवण्याचा आदेश कायम केला होता. धंदा करण्याच्या हक्कापेक्षा लोकांच्या आरोग्याला तिथे वजन मिळालं.

अट एकच: उपद्रव सार्वजनिक हवा. एका घराची तक्रार दोन कुटुंबांमधला वाद ठरते आणि दिवाणी न्यायालयाचा लांब रस्ता दाखवला जातो. वाड्यावरच्या दहा घरांनी मिळून, तारखा आणि वेळा लिहून, छायाचित्रं जोडून दिलेला अर्ज वेगळा वाचला जातो. तो आधी पंचायतीत द्यावा किंवा पेडणे, डिचोली, साखळी या नगरपालिकांच्या हद्दीत पालिकेत द्यावा, पोच घ्यावी, आणि काही झालं नाही तरच पुढे जावं. आग पसरत असेल तर अर्जाची वाट न पाहता अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर कळवावं.

बोलणं कसं सुरू करावं

तरी गावात कायदा हा शेवटचा उपाय. ज्याच्या घरचं लग्न, मयत आणि गणपतीतलं भजन आपल्याशी बांधलेलं आहे, त्याला नोटीस धाडून शेजार टिकत नाही.

धूर अंगावर येत असताना कुंपणावरून ओरडणं सगळ्यांत निरुपयोगी. त्या क्षणी आग लागलेली असते, माणूस मागे फिरू शकत नाही आणि बायका-पोरांसमोर कमीपणाही घेणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. घरातल्या वडीलधाऱ्याने जावं, मोठ्यांशी काका-काकी म्हणूनच बोलावं, आणि गोष्ट आपल्या घरातल्या त्रासाची सांगावी: आईला रात्री बसून काढावी लागली, मुलाला औषध लागलं. पुष्कळांना धूर पलीकडे किती जातो याची कल्पनाच नसते, कारण आग लावणारा नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा असतो.

मग मागणी ठोस करावी. आग पूर्ण बंद करा म्हटलं तर बोलणं थांबतं. ढिगात प्लास्टिक घालू नका, हे सहसा लगेच मान्य होतं. परसातला पाला जाळण्याऐवजी कोपऱ्यात साठवा, जाळी आम्ही आणून देतो, हे दुसरं पाऊल. काजूच्या भाटात वेचणीपुरता पट्टा साफ करा आणि पाला झाडाच्या आळ्यात ओढा, हे तिसरं. त्याला एक हंगाम जावा लागतो. भाट ठेक्याने दिलेलं असेल तर ठेकेदाराशी आणि भाटकाराशी दोघांशी बोलावं लागतं. बंद बंगला असेल तर राखणदाराला दोष देऊन उपयोग नाही, मालकाला कळवावं. पाला साठवण्याची सोय करून देणं त्याच्या हातात आहे.

पाल्याला जागा मिळाली की

फिलिपिन्समध्ये आंब्याला मोहर यावा म्हणून झाडाखाली दिवसेंदिवस धूर करण्याची पद्धत होती. आपल्याकडे धुराने मोहर धरतो म्हणतात, तसाच तिथला अनुभव. आणि तो खोटा नव्हता, कारण धुरातला इथिलीन वायू मोहराला चालना देतो. रामोन बार्बा या फिलिपिनो शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की पोटॅशियम नायट्रेटची फवारणी तेच काम करते. शेतकऱ्याला धुराची गरज उरली नाही आणि धूर मागे पडला. गरज दुसऱ्या मार्गाने भागली की आग विझते, याचा हा पुरावा.

पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये ‘ब्राउन लीफ’ उपक्रम सुरू केला. ज्यांच्याकडे सुकी पानं जास्त आहेत आणि ज्यांना गच्चीतल्या बागेसाठी ती हवी आहेत, त्यांची गाठ घालून देणं हे त्याचं सूत्र. सोसायटीच्या फाटकाशी पेटणारी पोती दुसऱ्याच्या कुंड्यांत जाऊ लागली. पेडण्याला लागून, तेरेखोलपलीकडे वेंगुर्ल्यात नगरपालिकेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना जुन्या कचरा डेपोचं रूप पालटलं. कचऱ्याचं घरातच वर्गीकरण, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या कामाला आणि सुक्या पाल्याच्या जळाऊ कांड्या अशी त्याची घडी बसली. कचऱ्याच्या त्या जागेला लोक पर्यटनस्थळ म्हणून भेट देऊ लागले. पेडणेकरांना हे पाहायला लांब जावं लागत नाही.

घरच्या पातळीवरची सोय तर याहून साधी. तीन-चार फूट व्यासाचं तारेच्या जाळीचं कडं कुंपणापासून आणि भिंतीपासून दूर, सावलीत उभं करायचं. जानेवारी ते मे त्यात पाला टाकत राहायचं, मधूनमधून शेणकाला किंवा मूठभर माती घालायची, पाणी शिंपडायचं. काजू-आंब्याची पानं चिवट असतात, त्यांना नुसत्या कोरड्यात कुजायला वर्ष लागतं. नत्राची जोड आणि ओल मिळाली की काम वेगाने होतं. गोव्याच्या पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो उरलेलं करतो. माघात भरू लागलेलं कडं दिवाळीच्या सुमारास काळ्या भुसभुशीत खताने खाली बसतं. फुरशाची भीती खरी असल्याने उसकताना हातात काठी आणि पायात बूट हवेत. सोडणं माडाच्या आळ्यात चर खणून पुरावीत. ती पाणी धरून ठेवतात आणि पाच-सात वर्षं उपयोगी पडतात. चुडतं आणि फांद्या हे खरं अवघड काम. त्यांना तुकडे करणारं यंत्र लागतं आणि ते एका घराला परवडत नाही.

इथेच पंचायतीचं काम सुरू होतं. साळगावच्या कचरा प्रकल्पामुळे आणि दारोदारच्या गाड्यांमुळे उत्तर गोव्यात ओल्या-सुक्या कचऱ्याला वाट मिळाली. बागेतल्या पाल्याला बहुतेक गाड्यांत अजून जागा नाही. गावाने फांद्या बारीक करणारं एक यंत्र घेतलं, ते वाड्यावाड्यावर ठरल्या दिवशी फिरवलं, आणि पाला उतरवायला एक जागा ठरवून दिली, तर दंडाची पावती फाडण्याआधी लोकांना जाळण्याऐवजी काय करायचं हे सांगता येईल. सोय न देता केलेली बंदी रात्री उशिरा लावलेल्या आगी वाढवते, आणि तेव्हा तर धूर आणखी खाली बसतो.

गोव्यातल्या पंचायतींत १९ डिसेंबरला, मुक्तिदिनी, विशेष ग्रामसभा भरते. बागा बेणायला तेव्हा नुकती सुरुवात झालेली असते आणि बहुतेक ढीग पेटायचे असतात. दिवाळीची साफसफाई उरकल्यावर शेजाऱ्यांना भेटा, दहा घरांच्या सह्या घ्या आणि त्या सभेत तीन मागण्या लेखी मांडा: पाल्यासाठी जागा, फांद्यांसाठी यंत्र आणि प्लास्टिक जाळण्यावर पंचायतीची सक्त नजर. सह्यांत ज्याच्या भाटात आग लागते त्याचीही सही असू द्या.